जुन्या ट्रकचे फ्युएल गेज : टाकीकडे जाणाऱ्या तारेविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६२ सालच्या शेवरोले पिकअप ट्रकची पुनर्बांधणी पूर्ण झाली आहे. केबिनमध्ये आसनामागे असलेली मूळ टाकी काढून मागे चासीवर पावडर कोटिंग केलेली नवी लोखंडी टाकी बसवली आहे. डॅशबोर्डवरचे फ्युएल गेज मूळचेच आहे, टाकीतला सेंडर (पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा भाग) मात्र नवा आहे. टाकी भरली की काटा 'पूर्ण'वर जातो आणि पेट्रोल साधारण तिसरा हिस्सा उरेपर्यंत तेथेच राहतो, त्यानंतर मात्र भराभर खाली येतो. मध्येच एखाद्या खड्ड्यावर तो 'पूर्ण'च्या खुणेपलीकडेही जाऊन परत येतो. सेंडर नादुरुस्त आहे की काय हे पाहण्यासाठी त्याच्या टर्मिनलला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट देऊन पाहावेत का आणि या सर्किटला किती अँपिअरचा फ्यूज घालावा, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सारे वाचण्याआधी कोणी तो प्रयोग करून बसू नये. सेंडरला बॅटरीची थेट जोडणी कधीही करायची नाही. क्षणभरासाठी नाही, टेस्ट लॅम्प मध्ये घालून नाही, टाकी रिकामी आहे म्हणूनही नाही. सेंडर म्हणजे टाकीच्या आत, पेट्रोलच्या वाफेत असलेला बारीक तारेचा एक रेझिस्टर आणि त्यावरून सरकणारा एक संपर्क. डॅशबोर्डवरच्या गेजमधून गाळून येणारा थोडासा प्रवाह सोसण्यापुरताच तो बनवलेला असतो. तुमच्या नव्या सेंडरचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगत तो संपर्क सरकवणारा भाग) तळाशी असेल तेव्हा सेंडरचा रोध (रेझिस्टन्स) जवळपास शून्य असतो, म्हणजे थेट जोडणी केली तर टाकीच्या आतच बॅटरी शॉर्ट होईल. फ्लोट किंचित वर असून रोध १० ओहम असला तरी १२ व्होल्टला त्यातून १.२ अँपिअर वाहतील आणि त्या केसासारख्या तारेत १४ वॅटहून अधिक उष्णता तयार होईल.

फ्यूजविषयीचा सर्वसाधारण गैरसमजही येथेच दूर झालेला बरा. त्याच १.२ अँपिअरला २ अँपिअरचा फ्यूज काही जळणार नाही, १० अँपिअरच्या फ्यूजला तर काही घडल्याचे कळणारसुद्धा नाही. ३० ओहमवर प्रवाह ०.४ अँपिअर आणि उष्णता पावणेपाच वॅट होईल. तेव्हा १ अँपिअरचा फ्यूजही शाबूत राहील. फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी. सेंडरचे रक्षण करते ते गेजमधले तारेचे वेटोळे (कॉइल), कारण बॅटरी आणि सेंडर यांच्यामध्ये प्रवाह अडवणारी तेवढी एकच वस्तू असते. म्हणून या कामातली खरी सुरक्षितता तारा योग्य टर्मिनलला लागल्या आहेत की नाहीत यावर अवलंबून आहे, आणि टाकीला तार जोडण्यापूर्वी ते मोजून पाहण्यावर. माझ्या पाहण्यात आलेले जळके सेंडर बहुतेक एकाच कारणाने जळले होते: गेजच्या मागची पुरवठ्याची तार सेंडरच्या तारेच्याच टर्मिनलला लागली होती. तशी ती लागली की वेटोळे वगळले जाऊन चावी फिरवताच पूर्ण १२ व्होल्ट सेंडरवर जातात.

तुमच्या गेजची आतली रचना कळली की लक्षणांचा अर्थ आपोआप लागतो. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या या जुन्या गेजमध्ये एकमेकांशी कोन करून बसवलेली दोन वेटोळी असतात. चावीनंतरचा पुरवठा पहिल्या वेटोळ्यातून एका मधल्या सांध्यावर येतो. त्या सांध्यापासून पुढे दोन वाटा फुटतात: एक दुसऱ्या वेटोळ्यातून गेजच्या धातूच्या अंगावर, म्हणजे अर्थवर (बॅटरीच्या ऋण टर्मिनलकडे परत नेणाऱ्या गाडीच्या धातूच्या वाटेवर) जाते आणि दुसरी तारेने टाकीतल्या सेंडरकडे जाऊन तेथे अर्थ होते. पहिले वेटोळे काट्याला 'रिकामी'कडे ओढते, दुसरे 'पूर्ण'कडे. सेंडरचा रोध शून्य असला की सारा प्रवाह सेंडरच्या वाटेने निघून जातो, दुसऱ्या वेटोळ्याला काही मिळत नाही आणि काटा 'रिकामी'वर बसतो. सेंडरचा रोध वाढत जाईल तसा दुसऱ्या वेटोळ्याचा वाटा वाढतो आणि काटा चढतो. काट्याची जागा दोन वेटोळ्यांमधल्या प्रवाहाच्या प्रमाणावर ठरते, त्यामुळे बॅटरी १२ व्होल्टवर असो वा इंजिन चालू असताना १४ व्होल्टवर, वाचन फारसे बदलत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या माणसांनी एकही इलेक्ट्रॉनिक भाग न वापरता हे साधले होते, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

यातून दोषांची भाषा मिळते. सेंडरची तार तुटली किंवा सेंडरचा अर्थ गेला तर काटा 'पूर्ण'च्याही पलीकडे जातो. सेंडरची तार वाटेत कोठे चासीला घासून शॉर्ट झाली तर काटा 'रिकामी'वर पडतो. गेजच्या अंगाचा अर्थ गेला तर दुसरे वेटोळे निकामी होते आणि टाकी कितीही भरलेली असली तरी काटा 'रिकामी'कडेच राहतो. तुमच्या ट्रकमध्ये खड्ड्यावर काटा पलीकडे जातो, याचा अर्थ सेंडरकडच्या वाटेत, तारेत किंवा अर्थमध्ये, काहीतरी सैल आहे. 'तिसरा हिस्सा उरेपर्यंत पूर्ण' हे मात्र सैल जोडणीचे लक्षण नाही. तो वेगळाच दोष आहे, आणि दोन दोष एकत्र आल्यामुळे तुमचा गोंधळ झाला आहे.

जनरल मोटर्सच्या १९६४ पर्यंतच्या गाड्यांमधले गेज सर्वसाधारणपणे ० ते ३० ओहमच्या सेंडरसाठी बनवलेले आहे. १९६५ पासून ते ० ते ९० ओहम झाले. बाजारात नव्याने मिळणारे सेंडर बहुधा ९० ओहमचे असतात. तुमचा नवा सेंडर तसाच असणार असे मी मोजण्याआधीच म्हणतो, कारण हिशोब अगदी तंतोतंत जुळतो. ९० ओहमचा सेंडर टाकी एक तृतीयांश भरलेली असताना ३० ओहम दाखवतो. तुमच्या गेजच्या दृष्टीने ३० ओहम म्हणजे पूर्ण टाकी. त्याच्यावर कितीही पेट्रोल असले तरी काट्याला पुढे जायला फारशी जागा नाही, आणि त्याच्याखाली मात्र एक तृतीयांश टाकी संपता संपता काट्याला सबंध तबकडी उतरावी लागते.

यावर सेंडरला समांतर ४५ ओहमचा रेझिस्टर जोडण्याचा उपाय पुष्कळजण सुचवतात. टोकाची गणिते त्यात बरोबर येतात: ९० आणि ४५ समांतर म्हणजे ३० ओहम, आणि शून्य ते शून्यच. मधले मात्र चुकते. टाकी अर्धी असताना सेंडरचे ४५ आणि रेझिस्टरचे ४५ मिळून २२.५ ओहम होतात, म्हणजे गेज पाऊण टाकी दाखवते. पाव टाकीला २२.५ आणि ४५ मिळून १५ ओहम होतात आणि गेज अर्धी टाकी दाखवते. सगळी चूक पेट्रोल जास्त दाखवण्याच्या बाजूची आहे, म्हणून मी हा उपाय करत नाही. मूळ गेज ठेवायचे असेल तर ० ते ३० ओहमचा, नव्या टाकीच्या खोलीला जुळणारा सेंडर घ्यावा. तो मिळत नसेल तर ९० ओहमच्या यंत्रणेचे गेज मूळ तबकडीमागे बसवून घ्यावे, किंवा दोन्हींमध्ये रूपांतर करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण घालावे. तिसरा मार्ग चालतो, पण दोषाची आणखी एक जागा वाढवतो.

आता अर्थविषयी. या विषयात सर्वांत जास्त वेळ खाणारी बाब हीच, आणि पुनर्बांधणी केलेल्या गाडीत ती मूळ गाडीपेक्षा वाईट असते. गंजलेल्या जुन्या ट्रकमध्ये टाकी, पट्टे, चासी सारे लोखंडाला लोखंड लागून असते आणि सेंडरला अर्थ फुकटात मिळतो. पुनर्बांधणीत आपण टाकीला पावडर कोटिंग करतो, चासीला जाड रंग देतो, पट्ट्यांखाली रबर घालतो, सेंडरच्या बैठकीखाली नवे गॅस्केट बसवतो. म्हणजे सेंडरला अर्थ मिळण्याच्या सगळ्या वाटा आपल्याच हाताने, फार मन लावून, बंद करतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात अशाच एका सुंदर रंगवलेल्या ट्रकची दोन गेजे बदलली आणि मग टाकी व चासी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून पाहिला. तोवर माझा सबंध दिवस गेला होता.

सैल किंवा गंजका अर्थ सेंडरच्या रोधात स्वतःची भर घालतो. ० ते ९० ओहमच्या यंत्रणेत ९ ओहमची भर म्हणजे टाकीचा दहावा हिस्सा. ० ते ३० ओहमच्या यंत्रणेत तेवढ्याच चुकीला ३ ओहम पुरतात. तुमचे मूळ गेज या बाबतीत तिप्पट नाजूक आहे. चूकही पुन्हा पेट्रोल जास्त दाखवणारी, म्हणजे गाडी रस्त्यात थांबवणारी.

म्हणून सेंडरच्या अंगापासून चासीपर्यंत स्वतंत्र अर्थ तार ओढावी. टाकीच्या पट्ट्यांवर विसंबू नये. ज्या सेंडरच्या बैठकीला कारखान्यातच अर्थची पट्टी जोडलेली असते तो घ्यावा. नसेल तर बैठकीच्या एका स्क्रूखाली, गॅस्केटच्या वरच्या बाजूस, लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) बसवावा. गॅस्केटखाली काहीही सरकवू नये, नाहीतर तेथून पेट्रोल झिरपते. चासीकडच्या टोकाला नाण्याएवढ्या जागेवरचा रंग लोखंड उघडे पडेपर्यंत घासावा, लगबरोबर दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा, रोध मोजावा आणि मगच त्यावर रंग किंवा ग्रीस लावावे. सेंडरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत रोध अर्ध्या ओहमच्या आत आला पाहिजे. मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध आधी मोजून त्यातून वजा करावा, कारण इतक्या लहान आकड्यांत तोही मोठा असतो.

केबिनही रबराच्या गुटक्यांवर बसलेली असते, म्हणून चासीपासून केबिनपर्यंत एक आणि इंजिनपासून चासीपर्यंत एक अशा जाड वेणीच्या अर्थ पट्ट्या हव्यात. इंजिनची पट्टी विसरली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधत चोकची केबल, स्पीडोमीटरची केबल आणि सापडतील त्या बारीक अर्थ तारांमधून जातो. तुम्ही मन लावून ओढलेली सेंडरची अर्थ तार त्यातलीच एक ठरू नये. पेट्रोल भरण्याची नळी आणि टाकी यांच्यामध्ये रबरी होज असेल तर नळीचे धातूचे तोंडही एका तारेने टाकीला व चासीला जोडावे. त्याचा गेजशी संबंध नाही; पेट्रोल भरताना साठणाऱ्या स्थिर विद्युतभाराला वाट मिळावी म्हणून ते करायचे. प्लॅस्टिकची टाकी असली तर सेंडर आणि तोंड या दोन्ही अर्थ तारांना पर्यायच नाही.

काम सुरू करण्यापूर्वी वाफेचा विचार करावा. पेट्रोलचा ज्वलनांक (ज्या तापमानापासून पेटू शकणारी वाफ सुटते तो, फ्लॅश पॉइंट) शून्याखाली सुमारे ४३ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपण ज्या तापमानात काम करतो त्यात त्याची पेटू शकणारी वाफ सदैव असते. हवेत ती सुमारे १.४ ते ७.६ टक्के असली की पेटते, आणि पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपासची ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती टाकीपासून खाली उतरते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या एखाद्या हीटरपर्यंत किंवा चालू ग्राइंडरपर्यंत जाऊन पोचते. भरलेल्या टाकीत पेट्रोलवरची वाफ बहुधा इतकी दाट असते की ती पेटत नाही. रिकामी केलेली, तोंड उघडे ठेवलेली टाकी मात्र हवा आत घेते आणि नेमकी पेटण्याच्या मर्यादेत येते. 'टाकी रिकामी आहे, काळजी नाही' हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी हातातले काम थांबवून मी ते खोडले आहे. डिझेलचा ज्वलनांक पेट्रोलपेक्षा खूप वर असल्यामुळे डिझेल ट्रकमध्ये धोका कमी असतो, पण वायरिंगची शिस्त तीच ठेवावी.

तेव्हा काम उघड्यावर किंवा मोकळी हवा खेळणाऱ्या जागी करावे. बॅटरीचा ऋण टर्मिनल आधी सोडवावा आणि तो हवेत लोंबकळत न ठेवता बाजूला बांधून ठेवावा. सेंडर उघडण्यापूर्वी त्याच्या भोवतीची माती ब्रशने काढावी. सेंडर काढला की टाकीचे छिद्र लगेच झाकावे. टाकीवर किंवा टाकीजवळ सोल्डरिंग करू नये, हॉट एअर गन वापरू नये. ज्या जोडण्यांना उष्णता लागते त्या सर्व तार बसवण्यापूर्वी टेबलावर करून घ्याव्यात. योग्य त्या प्रकारचे अग्निशामक हाताशी असावे, गाडीच्या दुसऱ्या बाजूला नव्हे.

सेंडरची परीक्षा तो टाकीबाहेर काढून, पुसून, टाकीपासून दूर नेऊन करावी, आणि ती मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवरच करावी. एक टोक टर्मिनलला, दुसरे बैठकीला लावून फ्लोटचा दांडा तळापासून वरपर्यंत सावकाश फिरवावा. आकडा अडखळत न जाता चढला पाहिजे. मध्येच तो उडून अनंत होत असेल तर संपर्क झिजलेला आहे, आणि असा सेंडर नवा असला तरी परत करावा. टोकाचे दोन आकडे कागदावर लिहून ठेवावेत. पाकिटावर काय छापले आहे यापेक्षा हे दोन आकडे मोलाचे. नंतर दांड्याची लांबी टाकीच्या खोलीशी ताडून पाहावी. तुमची टाकी मूळची नाही, त्यामुळे हे तुम्ही टाळू शकत नाही. फ्लोट तळाला टेकण्याच्या किंचित आधी खालचा आकडा आणि छताला लागण्याच्या किंचित आधी वरचा आकडा आला पाहिजे, आणि पेट्रोल हिंदकळू नये म्हणून टाकीत घातलेल्या आडव्या पत्र्यांना दांडा अडकता कामा नये. दांडा वाकवायचा तर संपर्काच्या बाजूला घट्ट धरून पुढचा भाग वाकवावा, म्हणजे जोर रेझिस्टरवर येत नाही.

टर्मिनलचा खिळा टाकीच्या अंगापासून एका लहान निरोधक वॉशरने वेगळा ठेवलेला असतो. वरचा नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरावा. तो न धरता आवळला तर खिळा आतून फिरतो. आतली बारीक जोडणी तुटते किंवा निरोधक वॉशरला तडा जाऊन तेथून वाफ बाहेर येऊ लागते. नट आवळून झाल्यावर त्यावर रबरी टोपी घालावी.

तार म्हणाल तर विद्युतदृष्ट्या येथे फार जाडीची गरज नाही. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो, म्हणजे सहा मीटरला ०.१ ओहम, ३० ओहमच्या गेजमध्येही ती चूक दिसत नाही. तरीही मी त्याहून बारीक तार घेत नाही, कारण चासीखालची तार थरथर, चिखल आणि दगडांचे फटके सोसत असते. वाहनांसाठीची, बहुतंतू, उष्णता सोसणाऱ्या क्रॉसलिंक पॉलिएथिलीन आवरणाची तार घ्यावी. घरगुती वायरिंगची एकेरी तार थरथरीने तुटते. जनरल मोटर्सच्या गाड्यांत सेंडरची तार सहसा फिकट तपकिरी आणि गेजच्या पुरवठ्याची गुलाबी असते. तेच रंग पाळावेत, म्हणजे वीस वर्षांनी गाडी उघडणाऱ्या माणसाला शिव्या द्याव्या लागणार नाहीत. टाकी केबिनमधून मागे गेल्यामुळे तुमची तार आता सायलेन्सरच्या वाटेवरून जाणार. शक्यतो चासीच्या ज्या बाजूला एक्झॉस्ट नाही त्या बाजूने ती न्यावी. बाजू तीच असेल तर वीतभर तरी अंतर ठेवावे आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा घालावा. पेट्रोलच्या नळीला तार बांधू नये. तार घासून ठिणगी पडण्याची आणि पेट्रोल झिरपण्याची जागा एकच करण्यात शहाणपण नाही. पत्र्याला जेथे जेथे छिद्र असेल तेथे रबरी ग्रोमेट हवाच. तारेला चावून आत पाते घुसवणाऱ्या झटपट जोडक्लिपा टाकीच्या वायरिंगमध्ये मी पाहिल्या की कापून टाकतो. केबिनपासून टाकीपर्यंत तार अखंड असावी.

पुरवठा इग्निशनच्या चावीनंतरच्या टर्मिनलवरून घ्यावा, पण इग्निशन कॉइलच्या बॅलास्ट रेझिस्टरनंतरच्या (कॉइलला जाणारा व्होल्टेज कमी करणाऱ्या रेझिस्टरनंतरच्या) बाजूने नव्हे. तेथे पूर्ण १२ व्होल्ट नसतात, आणि तो सांधा कॉइलसाठीच मोकळा ठेवावा. वायपर, हीटरचा पंखा किंवा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप यांच्या पुरवठ्यावर गेज लादू नये. फ्यूजविषयी वर जे म्हटले त्यावरून तो नको असा अर्थ कोणी काढू नये. केबिनच्या आत पुरवठ्याची तार पत्र्याला घासली तर आग रोखणारा तोच आहे, आणि म्हणूनच तो चावीच्या जितका जवळ तितका बरा. एकट्या गेजला १ अँपिअर पुरतो, कारण नीट जोडलेले गेज त्याच्या निम्म्याहूनही कमी घेते. इतर गेजेही त्याच तारेवर असतील तर ३ अँपिअरपर्यंत जावे, त्यापुढे नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी. तार टाकीपर्यंत ओढून झाली, पण सेंडरला अजून जोडलेली नाही, टाकीचे छिद्र बंद आहे, अशा स्थितीत बॅटरी जोडून चावी चालू करावी आणि तारेच्या टाकीकडच्या मोकळ्या टोकाचा व्होल्टेज चासीशी मोजावा. गेज नीट जोडलेले असेल तर तेथे बॅटरीपेक्षा स्पष्टपणे कमी व्होल्टेज दिसतो, कारण तो दोन वेटोळ्यांमध्ये वाटला गेलेला असतो, आणि काटा 'पूर्ण'च्या पलीकडे असतो. तेथे पूर्ण १२ व्होल्ट दिसले तर एक तर गेजच्या मागच्या तारा चुकीच्या टर्मिनलला लागल्या आहेत, नाही तर गेजच्या अंगाला अर्थ नाही. दोन्हींतले कोणते ते शोधल्याशिवाय ती तार सेंडरला लावायची नाही. आकडा योग्य असेल तर चावी बंद करून तारेचे टोक आणि चासी यांच्यामध्ये सेंडरच्या जागी साधा रेझिस्टर जोडावा व चावी पुन्हा चालू करावी: ३० ओहमला काटा 'पूर्ण'वर, १५ ओहमला जवळपास मध्यावर यायला हवा. प्रत्येक बदल चावी बंद ठेवूनच करावा, म्हणजे टाकीजवळ ठिणगी पडायला कारणच उरत नाही. यात गेज आणि तार निर्दोष ठरली, सेंडर टेबलावर निर्दोष ठरलेलाच आहे, मग दोघांना जोडल्यावर काही चुकले तर ते अर्थमध्येच असणार.

इतर बनावटीच्या ट्रकवर काम करणाऱ्यांनी वरची दोषांची भाषा जशीच्या तशी वापरू नये. फोर्डच्या १९५६ नंतरच्या बऱ्याच ट्रकांमध्ये तापून वाकणाऱ्या द्विधातू पट्टीचे गेज असते. त्याचा सेंडर टाकी रिकामी असताना सुमारे ७३ आणि पूर्ण असताना सुमारे १० ओहम दाखवतो, म्हणजे दिशा उलटी आहे. तेथे तार तुटली तर काटा 'रिकामी'वर राहतो आणि खराब अर्थ पेट्रोल कमी दाखवतो. तेथे सेंडरची तार परीक्षेसाठी थेट चासीला लावू नये; काटा 'पूर्ण'च्या पलीकडे जातो आणि तसेच चालू राहिल्यास गेज जळते. या गेजांना पुरवठा एका लहान नियंत्रकातून होतो, जो संपर्क उघडझाप करत सरासरी ५ व्होल्ट देतो. त्या नियंत्रकाच्या डबीला अर्थ मिळाला नाही तर त्याचे संपर्क उघडतच नाहीत, पूर्ण १२ व्होल्ट पुढे जातात आणि डॅशबोर्डवरची त्या पुरवठ्यावरची सगळी गेजे एकदम टोकाला जातात. असे दिसले की चावी ताबडतोब बंद करावी. ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्टवर आणली असेल आणि दोन वेटोळ्यांचे जुने गेज ठेवले असेल तर काटा बरोबर दाखवेलही, पण दुप्पट व्होल्टेजला वेटोळ्यात चौपट उष्णता होते. त्याला व्होल्टेज कमी करणारा भाग लावल्याशिवाय वापरू नये.

सेंडर बसवून स्क्रू आळीपाळीने समोरासमोरचे असे आवळावेत आणि टाकीत थोडेसे पेट्रोल घालून, गाडी किंचित तिरकी करून गॅस्केट पाझरते का ते तासभर पाहावे. नंतर मोजून, एका वेळी टाकीचा आठवा हिस्सा असे पेट्रोल घालत जावे आणि दर टप्प्याला काट्याची जागा लिहून घ्यावी. मोजमाप करताना चावी चालू ठेवून पेट्रोल ओतू नये. ओतून झाल्यावर झाकण लावावे, दोन मिनिटे थांबावे आणि मग चावी चालू करावी. नव्या टाकीचा आकार मूळ टाकीसारखा नसल्यामुळे मधल्या खुणा थोड्या सरकलेल्या आढळतील. तो कागद सनव्हायझरमागे खोचून ठेवावा आणि पहिल्या काही फेऱ्यांना तोच बघून गाडी चालवावी.